भिंतीपलीकडचं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर तिसऱ्यांदा डोक्यावरून गेलं तेव्हा मी साक्षीदाराच्या खुर्चीत बसून डबा खात होतो. हेलिकॉप्टर खरं नव्हे. शेजारच्या खोलीत फरशीखाली स्पीकर पुरले होते, त्यांचा आवाज. पण आवाज असा, की माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी, जी सकाळपासून गोळा होऊन बसली होती, ती हादऱ्याने दाणा न् दाणा मोकळी झाली. बायकोला हे आजतागायत पटलेलं नाही.

मधल्या दारातून तुषारचं डोकं आत आलं.

"काका, आवाज येतो का हो इकडे?"

"छे. मी थंडीने हलतोय."

"मग ठीक आहे. बेस थोडा वाढवतो."

डोकं गेलं. बेस वाढला. भिंतीवरची न्यायाधीशांची तसबीर वाकडी झाली.

आता थोडं कामाबद्दल सांगतो. मी एक्झिबिट डिझायनर आहे. म्हणजे म्युझियममध्ये वस्तू कुठे ठेवायची, दिवा कुठून मारायचा, बघणारा कुठून आत येईल, कुठे थबकेल, कुठे त्याचा गळा दाटून येईल आणि तो दाटलेला असतानाच गिफ्ट शॉप समोर कसं येईल, हे ठरवणारा माणूस. राहतो डब्लिनला. ओहायोतल्या. माझे नातेवाईक अजूनही फोनवर आयर्लंडच्या हवेची चौकशी करतात. म्युझियम कोलंबसच्या बाजूला आहे, त्याचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे.

आमच्या डायरेक्टर लिंडाबाईंनी एक प्रदर्शन काढलं. विषय होता, आशियातली युद्धं संपतात कशी. शाळेच्या पुस्तकात ती सहीने संपतात. टेबलावर दोन माणसं बसतात, पेन उचलतात, खाली तारीख. लिंडाचं म्हणणं, तसं काही नसतं. शेवट दोनदा होतो. पहिल्यांदा माणसं निघून जातात. विमानं, बोटी, हेलिकॉप्टर, ज्याला जे मिळेल ते. याला इव्हॅक्युएशन म्हणायचं. ज्यांना जागा मिळत नाही ते खालून बघत राहतात. मग कित्येक वर्षांनी, बघत राहिलेल्यांपैकी जे वाचले ते एका खुर्चीत येऊन बसतात आणि काय झालं ते कोर्टाला सांगतात. हा युद्धगुन्ह्यांचा खटला. शेवट नंबर दोन.

तेव्हा खोल्या दोन. पळापळीची खोली तुषारला मिळाली आणि खटल्याची मला.

लिंडाने आम्हाला पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं. प्रदर्शन सहा महिने चालेल. मग ट्रस्टी येऊन बघतील आणि एक खोली कायमची ठेवतील. ज्याची खोली राहील तो हेड डिझायनर. जुने हेड फ्लोरिडाला मासे पकडायला निघाले होते आणि त्यांची जागा रिकामी होणार होती. त्या जागेवर माझा डोळा ते आले त्या दिवसापासून होता. त्यांच्या खुर्चीची उंची मी दोनदा माझ्या मापाला लावूनही पाहिली होती.

आणि मध्ये हा तुषार आला. नागपूरचा. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, केस सगळे शाबूत. मला सगळ्यांदेखत 'काका' म्हणायचा. आदराने म्हणायचा, त्यामुळे काही बोलताही येत नसे. लिंडाला वाटलं ते माझं नावच आहे. तीही 'काका' म्हणू लागली. मग अकाउंट्सवाल्यांनी माझ्या दारावरची पाटीच तशी करून दिली.

त्याची खोली काय सांगू! छताला हेलिकॉप्टरचं पोट. खाली गच्ची. गच्चीवर शिडी. शिडीच्या पहिल्या पायरीवर तुम्ही पाय ठेवलात की सेन्सर लागतो आणि जमिनीखालून आवाज उठतो. सायगाव, नॉम पेन, काबूल, तिन्ही ठिकाणच्या गर्दीचे फोटो भिंतीवरून अंगावर येतात. हातात एकच पिशवी, तिच्यात काय भरणार ते निवडायचं. पोरंटोरं रडायची, आया रडायच्या, फुटबॉल खेळणारी दांडगी पोरं बाहेर येऊन आईला फोन करायची. रांग एवढी की तिचं शेपूट इंडियानाच्या हद्दीत जाऊन वळत होतं.

आणि माझी खोली? चार खुर्च्या, एक काच, हेडफोन. आशियात टोकियोपासून नॉम पेनपर्यंत जे खटले झाले त्यांच्यावरून मी ती बेतली होती. साक्षीदाराच्या खुर्चीत बसायचं. हेडफोन लावायचे. वकिलाचा प्रश्न एका भाषेत येतो, दुभाषी तो तुमच्या भाषेत आणतो, मधे एक रिकामा क्षण जातो. समोर लाल दिवा लागेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. तो रिकामा क्षण हीच माझी कलाकृती होती. लोक त्या क्षणात फोन बघायचे.

आमच्या धंद्यात 'ड्वेल टाइम' म्हणून एक प्रकार असतो. माणूस एखाद्या वस्तूपुढे किती वेळ रेंगाळतो ते मोजतात. तुषारकडे लोक मुक्काम ठोकायचे. माझ्याकडे रेंगाळणारे दोनच प्रकार. एक, पाय दुखणारे. दुसरे, तुषारच्या रांगेत आपला नंबर लागायची वाट बघणारे.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, गेलो तर तिथेही हाच. वेस्ट विंडसरहून आलेले एक डॉक्टर, शॉमबर्गहून आलेलं एक जोडपं, सगळे तुषारभोवती. माझी बायको शुभदा त्याला स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढत होती आणि वर तूप. मला घरी तूप बंद आहे.

"किती छान खोली केलीय हो यांनी," ती मला म्हणाली. "मी दोनदा रडले."

"आणि माझ्यात?"

"तुमच्यात बसायला मिळतं."

माझी मुलगी सई तिथेच होती. तिने प्लेटमधून मान वर केली. "बाबा, हिज इज लिटरली द बेस्ट रूम इन कोलंबस."

"माझी?"

"युवर्स हॅज गुड चेअर्स."

त्या दिवशी गाडी चालवताना मी तुषारचं वाईट चिंतलं नाही. मी सज्जन माणूस आहे. फक्त त्याच्या सगळ्या स्पीकरांत एकदम पाणी शिरावं एवढंच चिंतलं.

नंतरच्या आठवड्यात मिसेस चांथा आल्या. प्रदर्शन करताना आम्ही अशा लोकांना बोलावतो ज्यांनी ते प्रत्यक्ष भोगलंय. त्यांनी बघावं आणि चुकलेलं सांगावं. या बाई कंबोडियाच्या. साठीच्या आसपास, उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, शहरात डोनटचं दुकान चालवतात. लहानपणी त्या युद्धात सापडल्या, पुढे छावणीतून अमेरिकेत आल्या आणि बऱ्याच वर्षांनी नॉम पेनला परत जाऊन त्यांनी खटल्यात साक्ष दिली. येताना डोनटचा मोठा खोका घेऊन आल्या होत्या.

तुषारच्या खोलीत त्या शिडीपर्यंत गेल्या, वर पाहिलं आणि पाय न ठेवता परत फिरल्या. मला आतून गुदगुल्या झाल्या. मग त्या माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या. हेडफोन लावले. तेवढ्यात शाळेची सहल पलीकडच्या शिडीवर चढली आणि भिंत हादरायला लागली. माझा जीव कानकोंडा झाला. पण बाई हलल्या नाहीत. बराच वेळ बसून राहिल्या. मग हेडफोन काढले, खुर्चीच्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे. असंच होतं."

मी असा फुगलो की शर्टाचं वरचं बटण उडून काचेवर आपटलं.

दाराशी सिक्युरिटीतला अर्ल होता आणि मागे तुषार. तो पुढे आला. "मॅडम, काय बरोबर आहे? नेमकं..."

आता माझी स्तुती चालू असताना याला नेमकं कशाला हवंय! मी मधे शिरलो. "मॅडम दमल्यात, तुषार. चला मॅडम, आपण डोनट खाऊ." आणि त्यांना हाताला धरून कॅफेत घेऊन गेलो. तिथे मी त्यांना खुर्चीचं लाकूड, दिव्याचा कोन, लाल दिव्याचा नेमका रंग, सगळं समजावून सांगितलं. त्या मान हलवत होत्या. मी दोन डोनट खाल्ले. शुभदाला सांगितलं अर्धा.

बाईंचं सर्टिफिकेट मिळाल्यावर मला जोर चढला. आता या खोलीला एकच दृष्ट लागली होती, ते हेलिकॉप्टर. एका खोलीचा आवाज दुसरीत गळतो त्याला आम्ही 'साउंड ब्लीड' म्हणतो. पाणी गळलं तर प्लंबर बोलावतात, आवाज गळला तर डिझायनरची अब्रू जाते. मी लिंडाकडे भिंत मागितली. आवाज अडवणारी, दुहेरी, मधे रबर, आणि बँकेच्या तिजोरीसारखं दार.

लिंडा म्हणाली, "काका, बजेट संपलंय."

"तू एकदा खुर्चीत बस. मग बोल."

ती बसायला आली. त्याआधी मी त्याच अर्लची गाठ घेतली होती. अर्ल सहा फूट चार इंच, आणि माझ्या घरच्या चिवड्यासाठी तो म्युझियम विकायलाही तयार. ठरलं असं, की लिंडा आत गेली की अर्लने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. अर्लने चिवडा हलाल केला. लिंडाच्या कानात दुभाषी हळू आवाजात साक्षीदाराच्या भावाबद्दल विचारायला लागला आणि पलीकडे अख्खं हवाई दल उतरलं.

"बाप रे," लिंडा हेडफोन काढत म्हणाली, "हे दिवसभर असं?"

"मी तक्रार करणारा माणूस नाही," मी म्हणालो.

भिंतीला मंजुरी मिळाली. गिफ्ट शॉपला नवी कपाटं मिळणार होती, ती रद्द झाली. मला वाटलं तुषार भांडेल. भांडला असता तर मजा आली असती. तो आला आणि म्हणाला, "काका, काहून एवढा त्रास काढला इतके दिवस? आधीच सांगायचं ना. मी माझ्या साइडनेही फोम लावतो." आणि खरंच लावला. शनिवारी येऊन, स्वतःच्या हाताने. अशा माणसाचा मत्सर करायला किती कष्ट पडतात, हे तुम्हाला सांगून कळणार नाही.

भिंत झाली. खोली शांत झाली. अशी शांत, की कोळ्याने जाळं विणलेलं ऐकू यावं. मी रोज त्या खुर्चीत बसून पुढच्या हेड डिझायनरसारखा श्वास घेऊन बघत होतो.

ट्रस्टींचा दिवस उजाडला. सात-आठ जण, सगळे सुटात. लिंडा पुढे. आणि तिने मिसेस चांथांनाही बोलावलं होतं. मला आनंद झाला. माझा साक्षीदार आपल्या पायाने चालत आला होता.

आधी तुषारची खोली झाली. दोन ट्रस्टी डोळे पुसत बाहेर आले. पुसू देत, म्हटलं. मग माझी. तिजोरीचं दार धप्पकन लागलं. शांतता. एका ट्रस्टीचं पोट गुरगुरलं आणि तो "सॉरी" म्हणाला, ते कोर्टाच्या दप्तरी नोंदल्यासारखं वाटलं.

मी मिसेस चांथांना खुर्चीत बसवलं. त्यांनी हेडफोन लावले. त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. मग दुसरा. भिंतीकडे पाहिलं.

"आवाज कुठे गेला?"

"कुठला आवाज, मॅडम?"

"हेलिकॉप्टर."

"बंद केला," मी छाती काढून म्हणालो. "सगळ्यांना त्रास व्हायचा ना."

"मला नाही व्हायचा."

ट्रस्टी माझ्याकडे बघायला लागले. लिंडा बाईंच्या शेजारी खाली गुडघ्यावर बसली. "मॅडम, तुम्ही त्या दिवशी बरोबर आहे म्हणालात, ते कशाला?"

बाईंनी सरळ, हळू, तोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या लहान होत्या तेव्हा शहरात हेलिकॉप्टरं आली. परदेशी लोक त्यांत चढले. आसपासची माणसं मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होती. बाईंनीही हात हलवला. त्यांना वाटलं, पुढच्या फेरीत आपला नंबर. वडील त्यांच्याशेजारी उभे होते, ते म्हणाले, घरी चला. पुढे काही दिवसांनी वडिलांना घेऊन गेले ते गेलेच.

"मग कित्येक वर्षांनी कोर्टात गेले," त्या म्हणाल्या. "अशाच खुर्चीत. वकील विचारतो, वडिलांना शेवटचं कधी पाहिलं? प्रश्न आधी त्यांच्या भाषेत, मग थांबायचं, मग माझ्या भाषेत. आणि त्या थांबण्यात मला हेलिकॉप्टर ऐकू यायचं. कोर्टात कुठलं आलंय हेलिकॉप्टर? पण यायचं. मी कुणाला सांगितलं नाही. म्हणाले असते, बाईचं डोकं ठिकाणावर नाही, हिची साक्ष धरू नका. मुलांनाही नाही सांगितलं. त्या दिवशी इथे बसले आणि भिंतीतून तो आला. मला वाटलं, म्हणजे मी वेडी नाही. या माणसाला हे माहीत आहे."

आणि त्यांनी बोट माझ्याकडे केलं.

सगळे सूट माझ्याकडे वळले. माझ्यासारखा माणूस जन्मभर ज्या क्षणाची वाट बघतो तो हाच. मी तोंड उघडलं. "हो," मी म्हणालो. "म्हणजे त्यामागे एक विचार होता. आवाज आपोआप झिरपावा, असा..."

"काका," लिंडा उठत म्हणाली, "तू माझ्याकडून भिंत बांधून घेतलीस."

बाई अजून भिंतीकडेच बघत होत्या. त्यांचे हात मांडीवर होते आणि ते एकमेकांना घट्ट धरून बसले होते. त्यांना आता कुणाच्या खोलीशी, कुणाच्या नेमणुकीशी देणंघेणं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदा कुणीतरी त्यांना खरं ठरवलं होतं आणि आम्ही ते रबर लावून बुजवलं होतं.

मागे खटका वाजला. तुषारने दार उघडलं होतं. त्याने दाराला कचऱ्याचा डबा लावला आणि आपल्या खोलीत गेला. शिडीवर पाय ठेवल्याचं कळलं. आवाज आला. लांबून, खालून, फरशीतून. न्यायाधीशांची तसबीर पुन्हा वाकडी झाली.

मिसेस चांथांनी दोन्ही हेडफोन नीट कानांवर बसवले. डोळे मिटले. लाल दिवा लागला. आणि त्या त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या. कुणाला काही समजलं नाही. कुणी फोन बघितला नाही. पोट गुरगुरणारा ट्रस्टी काचेला हात लावून उभा राहिला. मी इतकी वर्षं ड्वेल टाइम मोजतोय, त्या दिवशी मात्र घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.

निकाल दुपारी लागला. एक खोली ठेवायची नाही, दोन्ही ठेवायच्या. मधली भिंत अर्धी कापायची. आणि हेड डिझायनर तुषार.

मी लिंडाच्या केबिनमध्ये गेलो. "पण बाईंनी बोट माझ्याकडे दाखवलं होतं."

"दाखवलं होतं."

"मग?"

"त्या काय बरोबर म्हणतायत हे त्या दिवशी विचारायला निघाला होता कोण? आणि त्याला अडवलं कोण?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अर्लने," लिंडा म्हणाली. "मी त्याला डोनट दिले."

भिंत कापायचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं. माझीच भिंत. दुहेरी ड्रायवॉल, मधलं रबर, पलीकडे तुषारने लावलेला फोम. हा फोम त्याने इतका चोख लावला होता की काढताना करवतीची दोन पाती मोडली. तुषार हेल्मेट घालून शेजारी उभा होता. "काका, भोक किती मोठं ठेवायचं? तुम्हीच सांगा, तुमच्या खोलीतून ऐकू येणार." त्याला टोमणा मारता येत नाही. तो खरंच विचारत होता. मी सांगितलेल्या मापाचं भोक त्याने ठेवलं. चांगलं झालंय. एवढं चांगलं की मला त्याचाही राग येतो.

आता लोक शिडीवरून उतरतात आणि सरळ माझ्या खुर्चीकडे येतात. रेंगाळतात. माझ्या खुर्चीचा ड्वेल टाइम त्याच्या शिडीपेक्षा जास्त आहे. रिपोर्टवर मात्र सही त्याची असते. मिसेस चांथा महिन्या-दीड महिन्याने येतात. मागच्या वेळी त्यांनी मुलाला आणलं होतं आणि खुर्चीत त्याला बसवलं होतं. तुषारला जुन्या हेडची खिडकीची केबिन मिळाली आहे. तिथली खुर्ची त्याला उंच पडते, तरी तो ती बदलत नाही.

नव्याने या धंद्यात येणारी मुलं मला सल्ला विचारतात. मी एकच देतो. कुणी "बरोबर आहे" म्हणालं की "थँक यू" म्हणायच्या आधी "काय?" असं विचारा. उत्तर ऐकून बहुतेक वेळा चेहरा पडतो, पण भिंत बांधून पुन्हा कापावी लागत नाही.